सहादूच्या चौदा काचा

सहादू झिपरू त्रिभुवन हा गवंडी होता, पण उभ्या आयुष्यात त्याने नवी भिंत म्हणून एकही बांधली नाही. दुसऱ्या कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी बांधून ठेवलेल्या भिंती पडू न देणं, हाच त्याचा धंदा. असल्या कामाचं कुणाला कौतुक नसतं. भिंत उभी आहे तोवर लोकांना वाटतं ती आपली आपण उभी आहे, आणि सहादूचीही त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

नाशकात द्वारका चौकातून आत वळलं, टायरची दुकानं आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं मागे टाकली, की काळ्या दगडाचं एक चर्च लागायचं. पाटीवर नाव सेंट निकोलसचं, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो भलतीकडेच न्यायचा. 'वलंदेजी चर्च' म्हटलं की बरोबर दारात सोडायचा. हॉलंडहून आलेल्या एका फादराने ते बांधलं होतं. घरची आठवण आली की माणूस घरी पत्र लिहितो. या बाबाने चर्च बांधलं. त्याच्या शहरात भर बाजारपेठेत जे जुनं कॅथलिक चर्च होतं, त्याची हुबेहूब नक्कल त्याने नाशकातल्या दगडात उतरवायला घेतली. तिकडे दोन मनोरे होते म्हणून इकडेही दोन काढले. एक पुरा झाला, दुसरा कमरेएवढा आला आणि फादर तापाने गेला. दुसरा मनोरा तसाच राहिला, आणि त्याच्याखालची दक्षिणेकडची भिंत तेव्हापासून जरा नाजूक प्रकृतीची.

वेदीमागच्या खोलीत, जिथे फादरांचे झगे टांगलेले असत, तिथे त्या मूळ चर्चचा एक फोटो होता. समोर कालवा, कालव्यावर पूल, पुलावर टोप्या घातलेले लोक, आणि मागे तेच चर्च, फक्त विटांचं. सहादू रोज तो फोटो पुसायचा. त्या शहराचं नाव त्याच्या जिभेला कधीच वळलं नाही, म्हणून तो त्याला 'फादरांचं गाव' म्हणायचा.

सहादू तिथे लागला एकोणीसशे एकोणसत्तर साली. तेव्हा योहान फादर होते, इथले शेवटचे वलंदेज. साडेसहा फूट उंच माणूस, आणि बोलायचा मात्र थेट राहुरी-श्रीरामपूरकडचं मराठी. त्यांनी सहादूला चुना मळायला शिकवला, दगडांमधल्या दरजा भरायला शिकवलं, आणि जाण्याआधी काच लावायला शिकवलं. हे शेवटचं जरा समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

जुन्या भिंतीला भेगा असतातच. प्रश्न एवढाच, की भेग तिथेच थांबली आहे की अजून फाकते आहे. डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून भेगेवर आडवी, वीतभर लांबीची काचेची पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं भेगेच्या दोन्ही बाजूंना चुन्याने पक्की करायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. काच शाबूत, तर भिंत शाबूत. एक्क्याण्णव साली योहान फादरांनी आणि सहादूने मिळून अशा चौदा काचा लावल्या. चर्चच्याच जुन्या खिडक्यांची फुटकी तावदानं कापून पट्ट्या केल्या. काडीने प्रत्येक पट्टीवर रंगात तारीख घातली. दुसऱ्या वर्षी फादर कायमचे हॉलंडला परत गेले आणि काचा सहादूकडे राहिल्या.

देवळात जाणारा माणूस आधी देवाकडे बघतो. सहादू आधी चौदा काचांकडे बघायचा आणि मग देवाकडे. किल्लारीचा भूकंप झाला त्या दिवशी उजाडताच तो अनवाणी धावत सुटला होता. भागुबाई, त्याची बायको, मागून ओरडत होती की निदान सदरा तरी घाला. एकही काच तडकली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन त्याने सांगितलं, "आपली भिंत लय खंबीर हाय. किल्लारीला नाय हालली." 'आपली' म्हणताना त्याला कधी अडखळायला व्हायचं नाही.

सत्त्याण्णव साली योहान फादरांचं पत्र आलं. त्यांच्या गावातलं ते बाजारपेठेतलं चर्च विकलं होतं. मिस्सेच्या प्रार्थनेला माणसंच येत नव्हती. आता आत हॉटेल होतं, वेदीच्या जागी लोक कॉफी पीत बसत. फादरांनी खाली लिहिलं होतं, 'सहादू, आता तुझंच राहिलं.' हे एक वाक्य त्याने भागुबाईकडून तीन वेळा वाचून घेतलं, कारण तिला त्याच्यापेक्षा बरं वाचता यायचं. त्या दिवसापासून तो नक्कल सांभाळत नव्हता. तेच एक उरलं होतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. चर्च छोटं पडायला लागलं होतं. अंबडला कारखाने वाढले, तिथे कामाला केरळची, गोव्याची, नगरकडची कुटुंबं आली. नाताळात निम्मी माणसं बाहेर मांडवात बसायची आणि उन्हाळ्यात रविवारी बायका छत्र्या घेऊन पायऱ्यांवर उभ्या राहायच्या. दोन हजार पाच साली चर्चच्या मंडळाने ठरवलं की मोठं चर्च हवं. मंडळाचा सेक्रेटरी होता गोटीराम, पोस्टातून रिटायर झालेला, सरळ आणि हट्टी. त्याचं म्हणणं असं, की जुनं पाडून त्याच जागी मोठं बांधू आणि रस्त्याच्या कडेने दुकानांचे गाळे काढू. दुसऱ्या निम्म्या लोकांचं म्हणणं, जुनं राहू द्या, मागच्या मोकळ्या जागेत हॉल बांधा. फादर नवे होते. त्यांनी मध्यम मार्ग काढला. इंजिनिअरला बोलवा, ते सांगतील तसं करू.

गंगापूर रोडवरून तृप्ती देवरे नावाच्या इंजिनिअर बाई आल्या. पस्तिशीच्या, पायात बूट, कमी बोलणाऱ्या. सहादूने त्यांना एकेक करून चौदाही काचा दाखवल्या. बाई प्रत्येक काचेपाशी थांबल्या, वाकल्या, तारीख वाचली.

"काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"योहान फादरांनी. चौदा वर्सं झाली, मॅडम. एकबी तुटली नाय."

बाई मंडळासमोर आल्या आणि त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं. "माझ्या यंत्रांपेक्षा या काचा जास्त सांगतात. एवढा पावसाळा जाऊ द्या, जमीन भिजली की भिंती हलायच्या असतील तर हलतात. सप्टेंबरात मी परत येते. काचा अशाच असल्या तर चर्च पाडायची गरज नाही, दुरुस्ती करा. तुटल्या असल्या तर मी धोकादायक म्हणून लिहून देईन." दोन्ही पक्षांनी मान्य केलं. सहादू त्या दिवशी जेवताना गाणं म्हणत होता, आणि भागुबाईला त्याचा गळा मुळीच आवडत नसूनही तिने त्याला थांबवलं नाही.

सहादूचा मुलगा दीपक. लहानपणी तो बापाच्या हाताखाली कधी आला नाही. चुन्याने हात फाटतात म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. अंबडला एका दुकानात ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि काचा बसवण्याच्या कामाला होता. बापलेकांचं भांडण नव्हतं, पण बोलणंही जेवण आणि लाइट बिलापलीकडे जायचं नाही. बापाच्या कामाबद्दल त्याने तीस वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता. सहादूने ते गिळून टाकलं होतं.

आणि मग त्या पंधरा ऑगस्टला, मरियेच्या सणाच्या संध्याकाळी, दीपक ओट्यावर त्याच्याशेजारी येऊन बसला.

"बाबा, ही काच नेमकी तुटते कशी?"

सहादूला आधी वाटलं पोरगा चेष्टा करतोय. पण दीपक खरंच विचारत होता. मग काय, गडी खुलला. भेग फाकली की काच मधोमध, भेगेच्याच रेषेत तडकते, आडवीतिडवी नाही. कुणी दगड मारला तर तारा फुटल्यासारखी फुटते, ते वेगळं. दोन्ही तुकडे आपापल्या जागी राहतात, खाली पडत नाहीत. दक्षिणेची भिंत हलली तर आधी मनोऱ्याखालच्या काचा जातील, कारण भार तिकडे आहे. दीपक मधूनमधून विचारत होता, की किती हलल्यावर तुटते, फट किती दिसते. सहादू जमिनीवर काडीने रेघा ओढून सांगत होता. दोन तास गेले. भागुबाईने चहा दोनदा केला. त्या रात्री अंथरुणावर पडताना सहादू तिला म्हणाला, "पोराला उशिरा का व्हईना, पर कळतंय." त्याचा आनंद एवढा उघडा होता की तिला जरा भरून आलं.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. सहादू आणि भागुबाई दर वर्षी जायचे. देवरे मॅडम यात्रेनंतरच्या सोमवारी येणार होत्या, म्हणून सहादू यंदा जायला तयार नव्हता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्याने काचा बघितल्या, चौदाच्या चौदा ठीक. दीपक म्हणाला, "जा बाबा. माउलीकडेच चर्चसाठी मागून या. किल्ली माझ्याकडे द्या, मी बघतो दोन दिवस." हे पटण्यासारखं होतं. सहादूने किल्ली दिली, हरेगावला गेला, नऊ मेणबत्त्या लावल्या, आणि एकच मागणं मागितलं.

सोमवारी सकाळच्या एस.टी.ने तो परतला तेव्हा मॅडम, फादर, गोटीराम आणि आणखी दहा-बारा जण दक्षिणेच्या भिंतीशी जमलेले होते. सहादू पिशवी हातात घेऊनच पुढे गेला. चौदांपैकी आठ काचा तडकल्या होत्या. मधोमध, भेगेच्या रेषेत. दोन्ही तुकडे आपापल्या जागी.

पहिली दोन मिनिटं त्याने खरंच मानलं, की भिंत हलली. त्याने भिंतीला हात लावला. मग सवयीने काचेच्या टोकाशी असलेल्या चुन्याला नख लावलं. त्याने लावलेला चुना चौदा वर्षांत पिवळा पडला होता आणि नखाने त्याची भुकटी निघायची. इथे नख घसरलं. त्याने दुसरीला लावलं, तिसरीला लावलं. काचसुद्धा वेगळी होती; त्याची तावदानाची काच हिरवट आणि लाटालाटांची, ही नितळ; वरची तारीख मात्र हुबेहूब जुनीच काढलेली.

"मॅडम, ह्या काचा माझ्या नाहीत," तो म्हणाला. "नखानं खरवडून बघा. हा चुना नाय."

देवरे बाईंनी खरवडलं. पिशवीतून पटाशी काढून टोचलं. "व्हाइट सिमेंट आहे हे," त्या म्हणाल्या. "काका म्हणतात ते बरोबर आहे. या काचा नंतर बसवल्यात." लोकांत कुजबुज झाली. सहादूने हातातली पिशवी खाली ठेवली.

गोटीराम काही वाईट माणूस नव्हता, पण त्याने प्रश्न बरोबर जागी ठेवला. "मग बसवल्या कुणी? किल्ली तुमच्या घराबाहेर जात नाही, सहादू."

तेवढ्यात सहादूला सगळं कळलं. कळायला वेळ लागला नाही, कारण काच नेमकी कशी तडकते हे त्याने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि दोन दिवस किल्लीही त्याच माणसाकडे होती. त्याने दीपककडे बघितलं. दीपक मॅडमच्या मागे उभा होता. सहादूला वाटलं, आता हा बोलेल. चुकलं म्हणेल. माणूस चुकतो, आपणच त्याला सांभाळून घेऊ.

दीपक बोलला. आवाज अगदी मऊ होता.

"मॅडम, बाबांवर रागावू नका. गेल्या पावसाळ्यात या काचा तुटल्या होत्या. बाबांनीच गुपचूप बदलल्या. मीच त्यांना काचा आणून दिल्या, सिमेंट पण. त्यांचा फार जीव आहे हो या चर्चवर. आता या पावसात परत तुटल्या, त्याला ते तरी काय करणार?"

एवढं सफाईने रचलेलं होतं सगळं. काचा बदललेल्या सापडल्या तरी पाडायचं कारण पक्कं, आणि न सापडल्या तरी पक्कं. शिवाय बापाची चौदा वर्षं एका वाक्यात खोटी झाली, आणि तीही मायेच्या सुरात. लोकांचे चेहरे मवाळ झाले. म्हातारा कसा अडकलाय बिचारा, अशा नजरेने ते त्याच्याकडे बघायला लागले. ती नजर सहादूला मारापेक्षा लागली.

"काका, असं झालंय का?" देवरे बाईंनी विचारलं. त्यांना खरं हवं होतं. त्यांनी वाटही बघितली.

सहादूच्या तोंडात नाही आलं होतं. पण त्या एका 'नाही'पाठोपाठ पोराचं नाव येणार होतं, साऱ्या गावकीसमोर, भागुबाई चार पावलांवर उभी असताना. त्याला वाटलं होतं, वेळ आली तर आपण खरं बोलू. आयुष्यभर हे एकच काम केलंय. पण जीभ हलली नाही. तो खाली बघत राहिला. बाईंनी त्यालाच होकार समजून वहीत लिहिलं. नव्या काचा लावून आणखी वर्षभर बघता येईल, असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण गोटीराम म्हणाला, "आणि तेवढ्यात मिस्सा चालू असताना दगड पडला तर?" त्यावर फादरांनीही पाडायच्या बाजूने मान डोलावली.

घरी आल्यावर सहादू ओट्यावर बसून राहिला. दुपारी दीपक आला. तोच आधी बोलला. म्हणाला, लोक उन्हात उभे राहतात ते तुम्हाला दिसत नाही. म्हणाला, नव्या चर्चच्या सगळ्या खिडक्यांचं काम मला मिळणार आहे, गाळा मिळणार आहे. जन्मभर दुसऱ्याच्या काचा बसवत फिरू का? बोलताना त्याचा आवाज चढला, आणि सहादूला दिसलं की पोरगा स्वतःला पटवतोय.

"ते राहू दे," सहादू म्हणाला. "गाळ्याचं मला नीट सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो, मग कधीतरी गप बसलो असतो. मला एकच सांग. त्या दिवशी हितं बसून तू दोन तास इचारत व्हतास. तवा तुला एवढ्यासाठीच पाहिजे व्हतं?"

दीपकने आत जाऊन पाणी घेतलं आणि दुचाकी काढून निघून गेला. भागुबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने नवऱ्याला काही विचारलं नाही आणि पोराला त्यानंतर बरेच महिने नीट वाढलं नाही.

जानेवारीत चर्च पाडलं. दक्षिणेची भिंत सगळ्यात आधी काढायची ठरली होती, ती धोकादायक ना. मशीन लागलं तरी तिला अडीच दिवस लागले. मशीनवाला गोटीरामला म्हणाला, "ही पडायला आली होती म्हणता?" गोटीराम त्या दिवशी जेवला नाही असं म्हणतात, पण तोवर उत्तरेची भिंतही अर्धी उतरली होती. सहादू बघायला गेला नाही. घरी बसून तो आवाज ऐकत होता, आणि आवाज कुठल्या बाजूचा आहे हे त्याला ऐकूनच समजत होतं. त्याला रडू आलं नाही. त्याला संताप यायचा, आणि तो निम्मा दीपकवर असायचा, निम्मा त्या खाली बघत राहिलेल्या सहादूवर.

नवं चर्च दोन हजार आठच्या डिसेंबरात उघडलं. मोठं, पांढरं, हजार माणूस बसेल असं. खिडक्या दीपकने चांगल्या बसवल्या होत्या, तसं खोटं बोलता येणार नाही. मिस्सा झाली, आणि गोटीरामने दाराशेजारच्या पडद्याची दोरी ओढली. मागे संगमरवरी पाटी होती. दीपकने स्वतः करून दिली होती. तीन वर्षांत काचा बदलल्याचं कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं; सहादूच्या काचांनी वाचवलं, एवढीच गोष्ट उरली होती. देणाऱ्यांची नावं, फादरांचं नाव, आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात:

'जुन्या वास्तूच्या भिंती धोकादायक झाल्याचे आपल्या दक्षतेने वेळीच निदर्शनास आणून देणारे श्री. सहादू झिपरू त्रिभुवन यांचे हा धर्मग्राम सदैव ऋणी राहील.'

भागुबाईने ते वाचून दाखवलं, आणि शेवटचे शब्द तिने घाईने उरकले. लोकांनी त्याला हाताला धरून पुढे नेलं. कुणीतरी शाल घातली, कुणीतरी हातात माइक दिला. दोन शब्द बोला, दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. समोर हजार माणसं, पहिल्या रांगेत दीपक, नवा कोट घातलेला.

सहादूने माइक तोंडाजवळ धरला. या वेळी त्याची जीभ अडली नाही.

"मी असं कायबी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "भिंत चांगली व्हती. मी गप बसलो, म्हणून ती पडली."

मग गोटीराम भरल्या आवाजात म्हणाला, "बघा, किती साधा माणूस. मोठेपणा घ्यायलासुद्धा तयार नाही." आणि टाळ्या सुरू झाल्या. सहादूने पुन्हा बोलायला तोंड उघडलं, पण टाळ्यांत काही ऐकू जात नव्हतं. लोक उभे राहून वाजवत होते. पहिल्या रांगेत दीपकही वाजवत होता.